आवणी, साहेब

४ जून २०१८, सोमवार

झिपरूने आज नोकरी सोडली. कारण – हिरवा रंग.

खरंच. नऊ महिने तो पिवळ्या टाकीवर होता. फुग्यांचे साचे पिवळ्या रबरात बुडवायचे, वर काढायचे, भट्टीत सोडायचे. शनिवारी त्याला हिरव्या टाकीवर टाकला. आज दुपारी डबा खाल्ला, डबा धुतला आणि निघाला. मी विचारलं, "कुठे रे?" बोलला, "घरी. मला हिरवा नाय आवडत." बस. एवढंच.

संध्याकाळी मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं सकाळची भानगड कळली. सकाळी मी प्रविणच्या खुर्चीवर फुग्याची पावडर टाकली होती. प्रविण म्हणजे आमचा हजेरीचा मस्टर लिहिणारा, समुद्रकाठच्या चिंचणीचा. नेमका काळी पँट घालून आला, त्यात माझा काय दोष? दिवसभर मागून पांढरा फिरत होता आणि सगळ्यांना विचारत होता, काय हसता.

पण भानगड वेगळीच. मॅनेजर विनोदभाई वलसाडचे, येऊन दोन महिने झाले. मराठी बोलतात, पण घसरत घसरत. एक छापील कागद पुढे केला. "नवशीबेन, तुझा अक्षर चांगला आहे असा प्रविण बोलला. आपल्या कंपनीतून माणसं का जातात ते सेठला पायजे. जो जाईल त्याला तू विचारायचा, इथे लिहायचा."

कागदावर छापलंय – नोकरी सोडण्याचे कारण. खाली चार ओळी.

मी दहावीला दोनदा गणितात गेली आणि मला लिहायचं काम! घरी आईला सांगितलं. ती बोलली, "पेन त्यांचा ना? मग लिही."

५ जून

झिपरूचा फॉर्म भरला. "हिरवा रंग आवडत नाही" एवढ्याने एकच ओळ भरली. तीन रिकाम्या बऱ्या दिसत नव्हत्या. म्हणून पुढे लिहिलं – हिरवा रंग स्वप्नात येतो, छातीवर बसतो, पिवळ्याची आठवण काढू देत नाही.

विनोदभाईंनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. मी तोंड पाडून उभी. ते बोलले, "बिचारा."

७ जून

साहेब स्वतः मोटारसायकलवर झिपरूच्या पाड्यावर गेले आणि त्याला घेऊन आले! झिपरू परत पिवळ्यावर. मला येऊन बोलला, "नवशे, साहेब विचारत होते आता छातीवर कसं वाटतं. काय लिहिलंस गं?"

१३ जून, बुधवार

रखमी आणि जयश्री, दोघी एकदम गेल्या. कारण – बाथरूमच्या दाराला कडी नाय. एक आत गेली की दुसरीने बाहेरून दार धरायचं. काल रखमी आत होती, जयश्रीने दार सोडलं, समोर दिपक ट्रे घेऊन उभा. दोघींचं जुंपलं. आज दोघी घरी.

जयश्रीने दार का सोडलं? मी मागून "पाल, पाल" केलं म्हणून. हे फॉर्मवर लिहिलं नाय. कडीचं लिहिलं, चारही ओळी कडीवरच. कडी तर खरीच नव्हती.

१४ जून

कडी बसली. विनोदभाईंनी स्वतः पेचकस घेऊन बसवली, आणि तीन वेळा लावून उघडून बघितली. रखमी-जयश्रींना निरोप गेला. सोमवारी येतात.

२० जून

सगळ्याजणी उंबरगावच्या बसबद्दल बोलत असतात. तिथल्या पेन कंपनीची बस तलासरी नाक्यावर येते, माणसं भरते, संध्याकाळी परत सोडते. माझी मामेबहीण दक्षा तिथे आहे. आम्ही इथे डहाणूला यायला मॅजिक गाडीत एकमेकींच्या मांडीवर बसतो. मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, दिवाळी झाली की मी पण बसने जाणार, खिडकीला बसून तुम्हाला टाटा करणार.

आमच्यातली सगळ्यांत जुनी सोनीबाई बोलली, "जाशील तेव्हा जा. आता फुगा ताण."

माझं काय, मी बदली. पक्के चाळीस जण, सेठने तेवढेच ठरवलेत. पक्क्याला स्वतःची जागा असते. बदलीला नसते. जो आला नाय त्याच्या जागी काम करायचं, आणि सगळे आले तर ट्रे उचलत फिरायचं. दोन वर्षं मी फिरते.

३० जून, शनिवार

सोमवारपासून सोनीबाई नाय. आवणीला चालली, भात लावायला. दरवर्षी जाते आणि महिनाभर येत नाय – स्वतःचं शेत, भावाचं, लेकीच्या सासरचं, तिन्हीकडे तीच. बाकीच्या बायकांची शेतं थोडी, दोन दिवस रजा टाकतात आणि उरकतात. जुन्या मॅनेजरला सोनीबाईचं माहीत होतं. अकरा वर्षं असंच चाललंय.

सुटताना उठली, लुगड्यावरची पावडर झटकली, बोलली, "येते गं." ना अर्ज, ना काही.

महिनाभर तिच्या जागी मी. खिडकीजवळची जागा, खाली तिने शिवलेली गोधडीची घडी. तिला फुग्यात हवा मारायला लागत नाय, हातात घेतला की कळतं भोक आहे की नाय. मला हवा मारून पण कळत नाय.

३ जुलै, मंगळवार

आज हसून हसून पोट दुखलं.

हजेरीला विनोदभाईंनी विचारलं, "सोनी क्यां?" प्रविण मस्टरमध्ये डोकं घालून बोलला, "आवणी, साहेब." साहेब बोलले, "अच्छा, आवानी," आणि गेले.

आधी मला काही वाटलं नाय. मग डोक्यात लाईट पेटली. माझा मामा संजाणला असतो, मला गुजराती कळते. आवानी म्हणजे येणार आहे! साहेबांना वाटलं सोनीबाई वाटेत आहे.

दहा वाजता परत आले. तिच्या जागी मला बघितलं. "सोनी?"

मी बोलली, "आवणी, साहेब."

"हां हां. आवानी."

बारा वाजता परत. "हजी नथी आवी?"

"आवणी, साहेब."

हसू दाबताना हातातला फुगा फुटला. साहेब दचकले. मी सॉरी बोलली.

६ जुलै

चौथा दिवस. रोज तीन वेळा विचारतात, रोज तीन वेळा "आवणी". आज त्यांनी वॉचमनला सांगितलं, सोनी दिसली की फोन कर. प्रविणला मी सगळं समजावलं. तो मस्टरवर डोकं ठेवून हसला. मग बोलला, "सांगून टाक गं आता."

सोमवारी सांगते.

९ जुलै

सोमवार होता. नाय सांगितलं. साहेबांचं तोंड बघून सांगवेना. आज नुसतं "आवानी?" विचारलं आणि स्वतःच मान हलवली.

१६ जुलै, सोमवार

साहेबांनी सोनीबाईचं नाव कापलं.

केबिनमध्ये बोलावलं. "रोज बोलते आवानी, आवानी. चौदा दिवस. आवती तो नथी. जी बाई खोटी बोलते तिला मी नाय ठेवणार. फॉर्म भर."

मी पेन हातात घेऊन उभी. आता सांगू, की थोड्या वेळाने? आता सांगितलं तर चौदा दिवसांची मस्करी माझ्या नावावर. मी कारणाच्या ओळीवर लिहिलं – आवणी. वाटलं लिहिलेलं बघून तरी विचारतील, हे काय. त्यांनी बघितलं, कडू हसले, बोलले, "अजून पण?" आणि सही केली.

सोनीबाई परत आली की होईल काहीतरी.

१८ जुलै

मी पक्की झाली!

चाळिसातली एक जागा रिकामी, सेठने सही केली, माझं नाव मस्टरवर छापील अक्षरात. आईने शेवया केल्या. भाऊ बोलला, "आता उंबरगावला कोण जाणार मग?" मी बोलली, बसला सांग मी बिझी आहे.

दोन वर्षं ट्रे उचलत फिरली. आता जागा.

ही जागा कोणाची ते आज लिहीत नाय.

६ ऑगस्ट, सोमवार

सोनीबाई आली. मॅजिकमधून आमच्याबरोबरच उतरली. हात चिखलाने फाटलेले, पिशवीत करटोली, नवीन साहेबांना द्यायला. मला सगळ्या रस्त्यात बोलायचं होतं. तोंडच उघडलं नाय. तिला वाटलं मी आजारी आहे, तिने माझं कपाळ बघितलं.

गेटवर वॉचमनने थांबवलं. "नाव नाय तुझं."

ती भांडली नाय. जांभळाखाली जाऊन बसली. मी खिडकीतून बघत होती, ती खिडकी पण तिचीच. दुपारी मी डबा घेऊन बाहेर गेली.

"नवशे, माझ्या जागेवर कोणाला बसवलंय?"

"मला."

तिने पदराने हात पुसले. मग बोलली, "बरं झालं. परक्याला नाय दिली. गोधडी उन्हात टाकलीस का मधून?"

करटोली मलाच देऊन गेली. आईने भाजी केली. मी खाल्ली नाय.

७ ऑगस्ट

सांगितलं.

केबिनमध्ये गेली, दार लावलं, बोलली, "साहेब, आवणी म्हणजे आवानी नाय. आवणी म्हणजे रोपणी. भाताची."

विनोदभाई पेनाचं टोपण लावत होते, काढत होते. "रोपणी?"

"हो."

"ती रोपणीला गेली होती?"

"हो. दरवर्षी जाते."

"आणि तुला माहीत होतं मी काय समजतो."

"पहिल्या दिवसापासून."

मला वाटलं आता हाकलणार. बरं झालं असतं, जागा सुटली असती. ते उठले, माठातलं पाणी प्यायले. खिडकीकडे तोंड करून बोलले, "माझ्या आईने आखी जिंदगी रोपणी केली. आणि मी सोनीबेनला खोटी बोललो."

मी बोलली, "मी जाते साहेब. तिला घ्या."

"तू नाय. तुला काढून तिला घेतला तर ती बसणार? तूच सांग."

नाय बसणार. मला पण माहीत आहे.

८ ऑगस्ट

कंपनीत नवीन कायदा झाला. मस्टरवर हजर, गैरहजर आणि आता तिसरं – आवणी. लाल शाईने. ज्याच्या नावापुढे आवणी लिहिलं, त्याचं नाव कापायचं नाय आणि परत येईपर्यंत त्याला चाळिसात धरायचं नाय. सेठने फोनवर हो म्हटलं.

पण सोनीबाईला त्याचा उपयोग नाय. आवणी लागते ती मस्टरवर नाव असलेल्याला. तिचं नाव आधीच कापलेलं. मी बोलली, तिला बदलीवर घ्या. साहेब बोलले, बदलीला ट्रे उचलत फिरायचं, तिच्या वयाला नाय झेपणार, सेठ पण नको बोलले. चाळिसातलं कोणी गेलं की पहिली जागा सोनीबेनची. हे त्यांनी कागदावर लिहून भिंतीला लावलं.

म्हणजे आता फक्त कोणीतरी नोकरी सोडायची. त्यात काय. या कंपनीत दर आठवड्याला एक जातो.

३ सप्टेंबर

कोणी गेलं नाय.

१७ सप्टेंबर

कोणीच जात नाय! झिपरू पिवळ्यावर खूश. रखमी-जयश्री कडी लावून आत गाणी म्हणतात. माझ्या जुन्या फॉर्मवरून साहेबांनी रेडिओ पण चालू केला. फॉर्म भरून भरून मीच या लोकांना इथे चिकटवून ठेवलंय.

दिपकला बोलली, उंबरगावला तुझ्यासारखी पोरं पायजेत, बसमध्ये मुली असतात. तो गेला. एक दिवस. परत आला. बोलला, "मुली आहेत, पण सगळ्या झोपलेल्या असतात. आणि तिथे रेडिओ नाय."

जयश्रीला बोलली, फुग्याच्या पावडरने केस गळतात. ती बोलली, "मग तुझे का नाय गळत?"

प्रविणला विचारलं, "तुझ्या बाबांची बोट आहे ना रे? मासेमारीला जा की." तो बोलला, "मला समुद्र लागतो." चिंचणीचा माणूस!

१४ ऑक्टोबर, रविवार

सोनीबाईकडे गेली होती. ती आता चिकूच्या वाडीत जाते. लांब काठी, टोकाला जाळी, दिवसभर मान वर करून चिकू काढायचे. मानेला तेल लावून बसली होती. मी चोळून दिलं.

कोण कसा आहे ते सगळं विचारलं. लाल फुगे अजून चिकटतात का, रखमीला स्थळ आलं का, विनोदभाई जेवतात का नीट. मी विचारलं, "काकी, तुला वाडी बरी की कंपनी?"

"वाडी पण बरी. मोकळी हवा."

"मग अकरा वर्षं कंपनीत का राहिलीस? कितीजणी गेल्या."

मला वाटलं बोलेल सवय झाली, नायतर तुम्ही पोरी होतात म्हणून. तिने थोडा विचार केला.

"भात वाकून लावायचा. लाकडं डोक्यावर आणायची. पाणी कमरेवर. चिकू मान वर करून. लहानपणापासून मी बसून केलेलं एकच काम, फुगा."

परत येताना टमटममध्ये मला जागा मिळाली होती. मी उभी राहून आली.

२४ नोव्हेंबर, शनिवार

आज जमीन हलली. या महिन्यात सारखे हादरे चाललेत, पण आज कंपनीत असताना. टेबल गदगदा हललं, साचे एकमेकांवर वाजले. आणि सगळ्या बायका माझ्यावर ओरडल्या, "नवशे, टेबल हलवू नको, पाय काढ!" मी दोन्ही हात वर केले, दोन्ही पाय वर केले. टेबल हलतच होतं. तेव्हा कुठे पळाल्या.

साहेब सगळ्यांत पुढे, काखेत मस्टर. बाहेर जांभळाखाली उभं राहून त्यांनी एकेकाचं नाव वाचलं. चाळीस. सगळे होते. मग ते खाली बसले.

मला वाटलं आता तरी कोणीतरी सोडेल. देवा माफ कर, पण वाटलं. तर काय, दुपारी झिपरू साहेबांना विचारायला गेला – कंपनीला पत्रा आहे, कौलं नाय, घरापेक्षा बरं. सुट्टीच्या दिवशी पण इथे येऊन बसलं तर चालेल का?

८ डिसेंबर

दक्षाचा फोन. पेन कंपनीत एक जागा आहे. उभ्याचं काम, आठ तास. विचारलं, करशील का?

माझे पाय वीस वर्षांचे आहेत.

१० डिसेंबर, सोमवार

एक अडचण. मी सोनीबाईसाठी सोडली असं तिला कळलं तर ती येणार नाय. म्हणजे कारण असं पायजे की सोनीबाईसकट सगळ्यांनी माझ्यावर थुंकावं. सहा महिने दुसऱ्यांची कारणं लिहिली, एक दिवस अडली नाय. माझं लिहायला आख्खा रविवार गेला.

सकाळी फॉर्म दिला. लिहिलं होतं –

"या कंपनीचा कंटाळा आला. फुगे बघून डोकं फुगतं. उंबरगावच्या बसला पडदे आहेत. मी पहिल्यापासून सांगत होती की दिवाळीनंतर जाणार."

विनोदभाईंनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. "बसला पडदे?"

"हो साहेब. निळे."

"साचुं कारण लिही."

"हेच आहे."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी पण बघत राहिली, हसू आलं नाय, पहिल्यांदाच. त्यांनी सही केली. भिंतीवरचा कागद काढला, घडी करून खिशात ठेवला.

"जुलैमध्ये एवढी चांगली खोटी बोलत नव्हती तू," बोलले. "तेव्हा खरा बोलून फसवला मला."

दारात मी बोलली, "येते, साहेब."

ते बोलले, "आवजो."

बाहेर प्रविण उभा होता. जाता जाता त्याने माझी पाठ थोपटली. घरी आल्यावर आईने सांगितलं, पाठीवर पावडरचा आख्खा पंजा उठलाय.

१२ डिसेंबर

सोनीबाई रुजू. जयश्रीचा फोन आला होता. सोनीबाई सगळ्यांसमोर माझ्या नावाने बोलली म्हणे – "पडद्यासाठी गेली मेली! गोधडीची घडी पण नीट घालून नाय गेली." मग बसली. बसल्या बसल्या पहिलाच फुगा हातात घेऊन बाजूला टाकला. भोकाचा होता.

मी घडी मुद्दाम नीट घातली नव्हती.

१७ डिसेंबर

बसला पडदे नाय. खिडकीची काच पण अर्धीच आहे. आठ तास उभी असते, एका मिनिटाला तीस टोपणं लावते. विनोदभाईंच्या पेनाची आठवण येते. आई बोलली, "आता लिहायला पेन त्यांचेच, लिही पायजे तेवढं." इथे कोण का जातं ते कोणी विचारत नाय, म्हणून फॉर्म पण नाय. मी शनिवारी सुपरवायझरच्या खिशातल्या हिरव्या पेनाला लाल टोपण लावलं. अजून कळलं नाय त्याला.

बरं चाललंय. फक्त दुपारी बोलायला समोर कोणी नसतं. सगळ्या एका रांगेत, पुढचीची वेणी बघायची.

१ जानेवारी २०१९, मंगळवार

प्रविणने मोबाईलवर फोटो पाठवला. मस्टरचं नवीन पान. चाळीस नावं, सोनीबाईचं खिडकीच्या रांगेत. खाली रेघ. रेघेखाली एक्केचाळिसावं – नवशी. पुढे लाल शाईत: आवणी.

मी लगेच फोन लावला. "अरे, जानेवारीत कसली आवणी?"

प्रविण बोलला, "मी पण तेच विचारलं. साहेब बोलले, तू लिही. आवानी छे."